स्त्रीवादी पंक संगीत व धर्म

रॉक संगीताच्या पंक ह्या शाखेतील, स्त्रियांनी स्त्रीच्या सामाजिक व शारीरिक स्वातंत्र्याच्या जाणिवेतून निर्माण केलेले संगीत, ही स्त्रीवादी पंक संगीताची स्थूल व्याख्या होय. पंकचा उदय १९७४ ते १९७७ च्या दरम्यान प्रथम न्यूयॉर्क व नंतर लंडन येथे झाला. गिटारवरील तीन-चार सोपे कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांत संपणारी गीते, द्रुत आणि बव्हंशी एकसुरी लय, हेतुपुरस्सर ओबडधोबड ठेवलेले वादन आणि गाण्यापेक्षा ओरडण्याकडे झुकणारा कंठस्वर ही त्याची प्रमुख लक्षणे. वादनातील सफाई ही मंचावर येण्याची पूर्वअट राहिली नाही, ह्याचा मोठा लाभ स्त्रियांना झाला. कारण तोवर रॉकच्या मंचावर स्त्रीला गायिका म्हणून जागा होती, वादक म्हणून ती क्वचितच मिळे.

ह्या संगीताचा धर्माशी आलेला संबंध सामान्यतः धर्मनिंदा ह्या एकाच शब्दात सांगितला जातो. वृत्तपत्रांना तो शब्द सोयीचा आहे आणि पुष्कळदा खुद्द कलावंतांनाही तो आवडतो. परंतु ह्या संगीतातील महत्त्वाच्या कृती एकत्र ठेवून पाहिल्यास असे आढळते, की देव आहे किंवा नाही हा त्यांतील वादविषय क्वचितच असतो. देवासमोर कोणी उभे राहावयाचे, कोणत्या जागी उभे राहावयाचे आणि तेथे कोणी तोंड उघडावयाचे, हा खरा वाद आहे. करिंथकरांस लिहिलेल्या संत पॉलच्या पहिल्या पत्रात (१४ : ३४) स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये मौन पाळावे असा आदेश आहे व ख्रिस्ती जगातील अनेक पंथांनी तो शतकानुशतके प्रमाण मानला. ओरडणे हाच ज्याचा प्राण आहे अशा संगीताची ह्या आदेशाशी गाठ पडणे अटळ होते. मात्र हे मौन मोडताना त्याने जी रूपे वापरली, म्हणजे स्तोत्र, आर्जव, प्रवचन, साक्ष व नामोच्चार, ती बहुतेक धर्माकडूनच घेतलेली आहेत.

पॅटी स्मिथ (१९४६–  ) ही अमेरिकन कवयित्री व गायिका ह्या परंपरेच्या आरंभी उभी आहे. तिची आई जेहोवाचे साक्षीदार ह्या पंथाची अनुयायी होती. पॅटीने पौगंडावस्थेतच तो पंथ सोडला. ‘हॉर्सेस’ (१९७५) ह्या तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिले गीत व्हॅन मॉरिसनच्या ‘ग्लोरिआ’ ह्या जुन्या रॉक गीतावर आधारलेले आहे. त्याला तिने स्वतःच्या एका कवितेची प्रस्तावना जोडली. ख्रिस्ताच्या बलिदानाने मनुष्याची पापे धुतली गेली हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच तीत ती स्वतःपुरता नाकारते. हे नास्तिकाचे विधान नव्हे. पाप आहे, परंतु ते माझे आहे आणि त्याचे उत्तरदायित्व मी दुसऱ्यावर टाकणार नाही, असा त्याचा रोख असून त्यातील गांभीर्य तिच्या बालपणातील पंथाला शोभेल असेच आहे. पुढे ग्लोरिआ ह्या नावाचे एकेक अक्षर ती जपासारखे उच्चारत जाते. मूळ गीतात हे एका तरुणीचे नाव आहे. पण तेच नाव कॅथलिक उपासनाविधीतील एका प्राचीन स्तोत्राचेही आहे आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ एकाच वेळी जागे राहतात. जानेवारी १९७७ मध्ये फ्लॉरिडातील एका कार्यक्रमात मंचावरून पडून तिच्या मानेला गंभीर दुखापत झाली. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकेस तिने ‘ईस्टर’ (१९७८) हे पुनरुत्थानाचे नाव दिले. डिसेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या नाताळ संगीतसभेत ती गायिली, तेव्हा काही कॅथलिकांनी तिच्या १९७५ मधील त्या पहिल्या ओळीची आठवण काढून आक्षेप घेतला. आक्षेप घेणाऱ्यांनी ओळ लक्षात ठेवली होती, तिचा अर्थ मात्र नीट पाहिला नव्हता. स्त्रीवादी हे बिरुद पॅटी स्मिथने स्वतः उत्साहाने मिरविलेले नाही. तथापि तिच्यावाचून पुढचा इतिहास सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न काव्याचा न राहता कायद्याचा झाला. तेथे धर्मनिंदेचा सामान्य कायदा दीर्घ काळ निद्रिस्त होता. ‘गे न्यूज’ ह्या नियतकालिकाने ख्रिस्ताविषयी छापलेल्या एका कवितेबद्दल मेरी व्हाइटहाउस ह्या नीतिरक्षक कार्यकर्त्या बाईंनी खाजगी फिर्याद केली. तीत १९७७ मध्ये संपादकास शिक्षा झाली आणि हा कायदा एकाएकी जिवंत झाला. नेमक्या ह्याच काळात एसेक्स परगण्यातील एका जुन्या शेतघरात सामुदायिक जीवन जगणारा क्रास हा अराज्यवादी गट आपली पहिली ध्वनिमुद्रिका तयार करीत होता. पाच भाकरी व दोन मासळ्या ह्यांच्या बायबलमधील चमत्कारावरून त्यांनी तिला ‘द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड’ असे नाव दिले. तिच्या आरंभी ईव्ह लिबर्टीन ह्या गायिकेने केलेले एक गद्यप्राय कथन होते. क्रुसावरील ख्रिस्ताला उद्देशून स्त्रीच्या आवाजात केलेला तो एक प्रदीर्घ अभियोग होता. आयर्लंडमधील ज्या कारखान्यात ध्वनिमुद्रिका छापावयाची होती, तेथील कामगारांनी ते कथन छापण्याचे नाकारले. तेव्हा क्रासने त्या जागी तेवढ्या वेळाची निःशब्द पट्टी ठेवली व तिला भाषणस्वातंत्र्याचा ध्वनी असे नाव दिले. पुढे १९७९ मध्ये ‘रिअ‍ॅलिटी असायलम’ ह्या नावाने ते कथन त्यांनी स्वतःच स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. पोलिसांनी चौकशी केली. खटला मात्र भरला गेला नाही.

ह्या कथनाची ख्याती मोठी असली, तरी कलाकृती म्हणून ते डावेच आहे. संहिता गटातील पुरुष ड्रमवादकाने, पेनी रिंबोने लिहिलेली असून तीत प्रवचनाला उत्तर प्रवचनानेच दिले आहे. क्रासची खरी स्त्रीवादी कृती म्हणजे १९८१ मधील ‘पेनिस एन्व्ही’. फ्रॉइडच्या एका संज्ञेचा उपहास करणाऱ्या ह्या ध्वनिमुद्रिकेत गायन स्त्रियांचे, म्हणजे ईव्ह लिबर्टीन व जॉय द व्हिव्र ह्या दोघींचे आहे. तीत क्रोध आहे, पण विनोदही आहे. आणि ख्रिस्ती विवाहसंस्काराची चिकित्सा तर अत्यंत चतुर आहे. शेवटचे गीत म्हणजे वधूच्या शपथेचे गोड, ऑर्गनच्या साथीने गायिलेले अनुकरण असून ते क्रासने बनावट नावाने तरुणींसाठी निघणाऱ्या एका प्रेमकथांच्या मासिकाकडे पाठविले. मासिकाने ते खरे विवाहगीत समजून आपल्या वाचकांसाठी भेट म्हणून देऊ केले. फसवणूक उघड झाल्यावर ओरड झाली. पण मासिकाला फरक ओळखता आला नाही, हीच त्या गीतावरील सर्वांत मार्मिक टीका होती. १९८४ मध्ये चेशर परगण्यातील एका दुकानातून क्रासच्या ध्वनिमुद्रिका जप्त होऊन खटला झाला, तो अश्लीलतेच्या कायद्याखाली. धर्मनिंदेचा कायदा इंग्लंड व वेल्समध्ये २००८ साली रद्द करण्यात आला.

ह्याच पिढीतील काही स्त्रियांचा प्रवास अगदी उलट दिशेने झाला आणि पंकचे इतिहासकार त्याकडे काहीशा संकोचाने पाहतात. एक्स-रे स्पेक्स ह्या गटाची गायिका पॉली स्टायरिन (१९५७–२०११) हिचे मूळ नाव मेरिअन एलियट-सेड. वडील सोमाली, आई ब्रिटिश. एका प्लॅस्टिकचे नाव तिने स्वतः निवडले. दातांवर तारा लावलेली ही तरुणी मंचावर पुरुषी नजरेला रुचेल असे काहीही करण्यास ठाम नकार देई. तिच्या पहिल्या गीतातील (१९७७) बंधन हा शब्द स्त्रीच्या दास्याचा आहे, तसाच तो ग्राहकाच्या दास्याचाही आहे. ‘जर्मफ्री अ‍ॅडॉलेसंट्स’ (१९७८) ही तिची ध्वनिमुद्रिका कृत्रिम धागे, जंतुनाशके, सुपरबाजार आणि जाहिराती ह्यांनी गजबजलेली आहे. प्रस्तुत विषयातील सर्व ध्वनिमुद्रिकांमध्ये निव्वळ संगीत म्हणून हीच सर्वांत श्रेष्ठ ठरेल. सॅक्सोफोनची कर्कश, आनंदी ललकारी आणि त्यावर मात करू पाहणारा पॉलीचा आवाज ह्यांची जोडी पुन्हा कोणालाही साधलेली नाही. १९७८ मध्ये दौऱ्यावर असताना आकाशात एक तेजस्वी प्रकाश दिसल्याचा अनुभव तिला आला. तिला रुग्णालयात ठेवण्यात आले व चुकीचे निदान झाले. तिचा आजार उन्माद-अवसादाचा आहे हे पुष्कळ वर्षांनी स्पष्ट झाले. १९७९ मध्ये गट विसर्जित झाला आणि नंतरच्या दशकात ती आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघात दाखल होऊन लंडनच्या उत्तरेस असलेल्या भक्तिवेदांत मॅनर ह्या आश्रमात काही काळ राहिली. जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये संघाला दिलेली ही वास्तू. एक्स-रे स्पेक्सची पहिली सॅक्सोफोनवादक लोरा लॉजिक हीदेखील ह्याच संघात गेली.

ह्या घटनेचे स्पष्टीकरण थकव्याने वा आजाराने झालेले पलायन असे केले जाते. ते फारसे पटत नाही. वस्तूंच्या बाजाराने माणसाचा देह व मन व्यापले आहे, हे पॉलीचे निदान ती मंचावर असताना आणि आश्रमात असताना एकच होते. शिवाय नामसंकीर्तन आणि पंक ह्यांत एक रचनात्मक साम्य आहे. मोजके स्वर, अखंड आवृत्ती, प्रेक्षक आणि गायक ह्यांतील भेद पुसून टाकणारा समूहस्वर आणि गळा गोड असण्याची अट नसणे, ही दोहोंचीही वैशिष्ट्ये आहेत. भजनी मंडळात बसलेल्या मराठी वाचकास ही गोष्ट अधिक सांगण्याची गरज नाही. अर्थात आश्रम म्हणजे स्त्रीमुक्तीचे स्थान असे मानण्याचेही कारण नाही. स्त्रियांना देण्यात येणाऱ्या दर्जाबद्दल ह्या संघात पुढे दीर्घ वाद झाले.

द स्लिट्स ह्या गटाची ड्रमवादक पामोलिव्ह (पालोमा रोमेरो) हिचा प्रवासही असाच. तिने बसविलेल्या आदिम, अडखळत्या लयीवर त्या गटाचे सारे प्रारंभीचे संगीत उभे होते. स्लिट्समधून ती रेनकोट्स ह्या गटात गेली. १९७९ मध्ये तोही सोडून अध्यात्माच्या शोधात भारतात आली आणि अखेरीस अमेरिकेत ख्रिस्ती श्रद्धेत स्थिरावली. पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेली नीना हागेन (१९५५–  ) हिने कुमाऊँमधील हैडाखान येथील बाबाजींच्या संप्रदायाशी नाते जोडले व संस्कृत मंत्र व भजने गायिलेली ‘ॐ नमः शिवाय’ (१९९९) ही ध्वनिमुद्रिका काढली. २००९ मध्ये तिने प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिच्या बाबतीत श्रद्धा आणि नाट्य ह्यांच्या सीमारेषा सांगणे अवघड आहे.

अमेरिकेत १९९१ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया ह्या गावी व राजधानी वॉशिंग्टन येथे ‘रायट गर्ल’ ही चळवळ सुरू झाली. कॅथलीन हॅना व तिचा बिकिनी किल हा गट, ब्रॅटमोबाइल हा गट आणि मुलींनी स्वतः लिहून, कापून-चिकटवून, झेरॉक्स यंत्रावर काढलेली असंख्य चोपडी हे तिचे आधार. धर्मशास्त्राशी तिने सहसा थेट वाद घातला नाही. १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही संघटना स्थापन झाल्यापासून कर्मठ ख्रिस्ती गट राजकारणात संघटित झाले होते व त्यांचे मुख्य लक्ष्य गर्भपाताचा अधिकार हे होते. म्हणून येथे चर्चशी झगडा म्हणजे प्रत्यक्षात कायद्याशी झगडा झाला. एल-सेव्हन ह्या स्त्रियांच्या गटाने १९९१ मध्ये ह्या अधिकाराच्या रक्षणार्थ ‘रॉक फॉर चॉइस’ ही संगीतसभांची मालिका सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तो अधिकार मर्यादित स्वरूपात राखला आणि जून २०२२ मध्ये त्याचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. रायट गर्लमध्ये धार्मिक प्रतिमांचा वापर मोजकाच आढळतो. पण तिच्या सभांमध्ये मुलींनी उभे राहून आपल्यावरील अत्याचारांचे केलेले निवेदन हे, तिला मान्य असो वा नसो, अमेरिकन प्रॉटेस्टंट सभांमधील साक्ष देण्याच्या प्रथेशी जवळचे नाते सांगते.

ऑक्टोबर १९९२ मध्ये आयरिश गायिका शिनेड ओकॉनर (१९६६–२०२३) हिने अमेरिकन दूरचित्रवाणीवर पोप दुसरा जॉन पॉल ह्याचे छायाचित्र फाडले. ती पंक परंपरेतील नव्हे. तरीही त्या कृतीचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण चर्चच्या संस्थांतील बालकांच्या छळाविषयी ती बोलत होती आणि ते बोलणे त्या वेळी केवळ अनादर म्हणून बाजूला सारले गेले. आयर्लंडमधील चौकशी आयोगाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा अर्थ अनेकांना उमगला.

ह्या सर्व इतिहासाची कसोटी पाहणारी घटना मॉस्को येथे घडली. पुसी रायट हा गट २०११ मध्ये स्थापन झाला. रंगीत लोकरी मुखवटे, आखूड झगे, अनामिकता आणि सार्वजनिक जागी अचानक केलेले गायन ही त्याची पद्धत. रायट गर्ल चळवळीचे ऋण त्याने स्वतःच सांगितले आहे. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी गटातील काही स्त्रिया तारणहार ख्रिस्ताच्या कॅथीड्रलमध्ये शिरल्या आणि वेदीपुढील उंच ओट्यावर चढून त्यांनी एक ‘पंक-प्रार्थना’ सुरू केली. रक्षकांनी त्यांना मिनिटभरातच बाहेर काढले. आदल्या दिवसांत दुसऱ्या एका चर्चमध्ये घेतलेली दृश्ये व वेगळे ध्वनिमुद्रण जोडून त्यांनी त्याच दिवशी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. जगाने पाहिली ती ही चित्रफीत. प्रत्यक्ष चर्चमध्ये गाणे म्हणावे असे फारसे काही ऐकू आले नव्हते.

जागेची निवड अर्थपूर्ण होती. नेपोलियनवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधलेले हे कॅथीड्रल १८८३ मध्ये अभिषिक्त झाले. स्टालिनच्या राजवटीने १९३१ मध्ये ते सुरुंगांनी उडविले. त्या जागी पुढे पोहण्याचा एक प्रचंड तलाव झाला. सोव्हिएट संघाच्या पतनानंतर त्याची पुनर्बांधणी होऊन २००० मध्ये पुन्हा अभिषेक झाला. सामान्य रशियन श्रद्धावंताच्या दृष्टीने ही वास्तू म्हणजे हुतात्म्यांचे पुनरागमन होते. आणि तिच्यात मुखवटे घालून शिरलेले तरुण पाहून त्याला १९३१ साल आठवले, तर त्यात अस्वाभाविक काही नाही. परंतु हीच वास्तू सत्ताधारी व धर्मपीठ ह्यांच्या नव्या मैत्रीचेही प्रतीक झाली होती. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे ह्या प्रसंगाच्या दोनच आठवडे आधी, पेट्रिआर्क किरील ह्यांनी पुतिन ह्यांच्या कारकीर्दीची गणना ईश्वरी चमत्कारात केली होती आणि अध्यक्षीय निवडणूक ४ मार्च रोजी व्हावयाची होती.

प्रार्थनेची रचना पाहण्यासारखी आहे. तिचे ध्रुपद सेर्गेई राखमानिनॉव्हच्या ‘रात्रजागर उपासना’ (१९१५) ह्या समूहगानातील मेरीस्तोत्राच्या चालीवर बांधलेले असून संथ, चर्चमधील गायकवृंदासारखे गायिले आहे. कडव्यांमध्ये ती चाल तुटते आणि गिटारचा गदारोळ व आरोळ्या सुरू होतात. मग पुन्हा ध्रुपद येते. ध्रुपदात देवमातेकडे मागणी आहे, कडव्यांत धर्माधिकाऱ्यांवर टीका आहे. टीका देवमातेवर कोठेही नाही. तिच्याकडे दाद मागितली आहे. राजाविरुद्ध, आणि राजाला मिळालेल्या पुरोहिताविरुद्धही, थेट देवमातेकडे धाव घेणे ही रशियन लोकश्रद्धेत अनोळखी गोष्ट नव्हे. गाताना त्या स्त्रिया गुडघे टेकीत होत्या व क्रुसाची खूण करीत होत्या. हे विडंबन की प्रार्थना, ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. चालच दोन तुकड्यांची आहे. कडव्यांतील गद्य शिवराळपणा कच्चा आहे आणि संगीत म्हणून ही कृती पॉली स्टायरिनच्या एखाद्या साध्या गीतापुढेही टिकणार नाही. पण ध्रुपद खरे आहे. हीच कृती तिच्या ध्रुपदावाचून केवळ राजकीय घोषणा ठरली असती आणि कडव्यांवाचून केवळ स्तोत्र.

काळही लक्षात घेतला पाहिजे. तो आठवडा चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वीचा, धिरडी खाण्याचा व थट्टामस्करीचा मास्लेनित्सा हा सण होता. आंद्रेई कुरायेव ह्या विद्वान डीकनने प्रथम अशी प्रतिक्रिया दिली, की आपण तेथे असतो, तर त्या मुलींना धिरडी खाऊ घातली असती, पेलाभर मधाचे मद्य दिले असते आणि क्षमायाचनेच्या विधीला पुन्हा यावयास सांगितले असते. एका प्राचीन चर्चला शोभणारे असे हे उत्तर होते. ते त्या चर्चने स्वीकारले नाही. मार्चमध्ये नाद्येझ्दा तोलोकोन्निकोवा, मारिया अल्योखिना व येकातेरीना सामुत्सेविच ह्या तिघींना अटक झाली. एप्रिलमध्ये कॅथीड्रलपुढे श्रद्धारक्षणासाठी पेट्रिआर्कच्या उपस्थितीत हजारोंची प्रार्थनासभा भरली.

खटला जुलै-ऑगस्ट २०१२ मध्ये चालला. रशिया हे राज्यघटनेनुसार धर्मनिरपेक्ष राष्ट्र असूनही सरकारपक्षाच्या तज्ज्ञांनी सातव्या शतकातील ट्रुलो धर्मपरिषदेच्या नियमांचा आधार घेतला. चर्चमध्ये बेशिस्त ओरडून गाण्यास व मुखवटे घालून नाचण्यास त्या नियमांनी मनाई केलेली आहे. निकालपत्रातील एक परिच्छेद तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा होय. स्त्रीवादी असणे हा रशियात गुन्हा नाही, हे न्यायालयाने मान्य केले. आणि लगेच ऑर्थोडॉक्स, कॅथलिक व इस्लामी धर्मतत्त्वे स्त्रीवादाशी विसंगत आहेत असे नमूद करून धार्मिक द्वेषाचा हेतू सिद्ध धरला. ह्याचा अर्थ असा, की स्त्रियांनी केलेली मागणी धर्माच्या आतून आलेली असू शकते, ही शक्यताच न्यायालयाने विचारात घेतली नाही. तिघींना प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. सामुत्सेविचला गिटार हाती घेण्यापूर्वीच रक्षकांनी अडविले होते. ह्या मुद्द्यावर ऑक्टोबरमध्ये तिची शिक्षा स्थगित झाली. इतर दोघी डिसेंबर २०१३ मध्ये सार्वत्रिक माफीखाली सुटल्या.

आरोपींच्या अखेरच्या निवेदनांत ख्रिस्तावर व पहिला हुतात्मा स्टीव्हन ह्याच्यावर झालेल्या धर्मनिंदेच्या आरोपाचे स्मरण केलेले आहे. रशियन परंपरेतील ‘ख्रिस्तासाठी वेडे’ झालेल्या संतांशीही त्यांनी व त्यांच्या समर्थकांनी नाते जोडले. चौथ्या इव्हानला तोंडावर बोलणारा, हिवाळ्यात अनवाणी हिंडणारा वसिली हा ह्या संतांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून मॉस्कोतील लाल चौकातले चर्च त्याच्या नावाने ओळखले जाते. तुलना आकर्षक आहे, पण अर्धीच खरी. वसिलीने आपले सारे आयुष्य त्या वेडात घालविले; मुखवटा व चित्रफीत ही साधने त्याच्याजवळ नव्हती आणि नकोही होती. उलटपक्षी तुरुंगातील दोन वर्षांनी ह्या स्त्रियांच्या शब्दांना जे वजन आले, ते चित्रफितीने आलेले नव्हते. तोलोकोन्निकोवाने २०१३ मध्ये मॉर्डव्हियातील श्रमछावणीत स्त्री-कैद्यांच्या कामाच्या तासांविरुद्ध उपोषण केले; ती तिची एकूण कामगिरीतील सर्वांत निर्विवाद कृती होय.

कायद्याच्या बाजूने पुढे दोन गोष्टी घडल्या. श्रद्धावंतांच्या भावना दुखविणे हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरविणारी दुरुस्ती रशियाने जून २०१३ मध्ये केली. जुलै २०१८ मध्ये यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ह्या प्रकरणी अभिव्यक्तिस्वातंत्र्यासह अनेक हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. चर्चमधील वर्तनाबद्दल काही प्रतिक्रिया समर्थनीय ठरली असती, पण तुरुंगवास अवाजवी होता, असे त्या न्यायालयाचे मत पडले.

इस्लामी जगात व त्यातून स्थलांतरित झालेल्या समाजांत हा प्रश्न वेगळ्या वळणाने पुढे आला. मायकेल मुहंमद नाइट ह्या अमेरिकन लेखकाने ‘द तक्वाकोअर्स’ ह्या कादंबरीत मुस्लिम पंकांचे एक काल्पनिक घर रंगविले. त्यातील राबेया ही सर्वांगावर बुरखा घेणारी, त्यावर पंकांचे बिल्ले लावणारी आणि नमाजाचे नेतृत्व करणारी तरुणी हे त्या कादंबरीचे सर्वांत धीट पात्र. कादंबरी वाचून प्रत्यक्षात तसे गट निघाले, ही साहित्येतिहासातील एक विरळा घटना होय. कॅनडातील सीक्रेट ट्रायल फाइव्ह हा स्त्रियांचा गट त्यांपैकी एक. सुरक्षेच्या नावाखाली दीर्घकाळ स्थानबद्ध केलेल्या पाच मुस्लिम पुरुषांवरून त्याने नाव घेतले. १९९० नंतरच्या कोणत्याही पंक गटाइतकाच तो शासनविरोधी होता. पण २००७ मध्ये शिकागोजवळ भरलेल्या उत्तर अमेरिकेतील मुस्लिमांच्या एका मोठ्या अधिवेशनात हा गट गाऊ लागला, तेव्हा स्त्रीने मंचावर गाऊ नये म्हणून आयोजकांनी कार्यक्रम बंद पाडून पोलीस बोलाविले. संत पॉलच्या आदेशाची आठवण येथेही यावी. निदा मंझूर हिच्या ‘वी आर लेडी पार्ट्‌स’ (२०२१) ह्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेने असाच एक मुस्लिम स्त्रियांचा पंक गट विनोदी अंगाने रंगविला. तीतील तरुणी गातात व वेळ झाली की नमाजही पढतात आणि मालिकेला त्यात काही विसंगत वाटत नाही.

इंडोनेशियात पंकचे अनुयायी संख्येने मोठे आहेत. आचे ह्या शरीयत लागू असलेल्या प्रांतात डिसेंबर २०११ मध्ये पोलिसांनी एका संगीतसभेतून साठांहून अधिक पंकांना पकडले, त्यांची डोकी भादरली व त्यांना सुधारणेसाठी पोलीस प्रशिक्षण केंद्रात ठेवले. त्यांत काही तरुणीही होत्या व त्यांचे केस कापून आखूड करण्यात आले. श्रीनगरमध्ये शाळकरी मुलींचा प्रगाश हा रॉक गट एका स्पर्धेत गायिल्यानंतर २०१३ च्या आरंभी राज्याच्या मुख्य मुफ्तींनी त्यांच्या गायनाविरुद्ध फतवा काढला आणि धमक्यांच्या भडिमारात गट मोडला. त्या मुली पंक नव्हत्या, धर्माविषयी त्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता. त्यांनी गाणे एवढेच पुरेसे ठरले.

पश्चिम जावातील गारूत जिल्ह्यात २०१४ मध्ये एका मदरशातील तीन विद्यार्थिनींनी व्हॉइस ऑफ बाचेप्रोत हा गट काढला. सुंदा भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट. त्यांचे संगीत काटेकोरपणे पाहता पंक नसून हेवी मेटल ह्या प्रकारातील आहे, पण गीतांतील प्रश्न तेच आहेत. तिघीही हिजाब घालून वाजवितात. गावातील कर्मठांनी त्यांना धमकाविले, तेव्हा त्यांनी उत्तर म्हणून जे गीत रचले, ते संगीत वाजवू देण्यासाठी ईश्वराकडे केलेली विनवणी आहे. अनुज्ञा मागितली आहे ती ईश्वराकडे, गावकऱ्यांकडे नव्हे. २०२४ मध्ये इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजविणारा तो पहिला इंडोनेशियन गट ठरला. परदेशी मुलाखतकार संगीताऐवजी शिरोवस्त्राविषयीच अधिक विचारतात, अशी ह्या तिघींची तक्रार आहे.